वखारीच्या आधी काय काय: सोलापुरात स्वस्तात पक्कं लाकूड मिळवायचं कसं

हौशी सुतारकाम करणाऱ्याची पहिली अडचण रंधा-पटाशी नसते, लाकूड असतं. हत्यारं दोन क्लिकवर घरी येतात. लाकडासाठी मात्र वखारीत जावं लागतं आणि तिथं आपण 'दोन फळ्या पाहिजेत' म्हटलं की मालक मान वर करून विचारतो, "दोनच?" त्याचं गिऱ्हाईक म्हणजे बंगल्याच्या सतरा चौकटी एकदम नेणारा कंत्राटदार. आपल्या दोन फळ्यांसाठी त्यानं थप्पी का उपसावी?

मीही सुरुवात तिथूनच केली. बाकड्यासाठी म्हणून दहा इंच रुंद सागवानी फळी घेतली, घनफुटाच्या भावानं, बिल करून. घरी रंधा मारला तेव्हा दिसलं की त्या दहांतले तीन इंच सालीकडचं पांढरं लाकूड आहे. पुढच्या पावसाळ्यात त्याच पांढऱ्या पट्टीतून पिठासारखा भुगा गळायला लागला. किडा सागाला लागत नाही असं मी ऐकून होतो. ते गाभ्याबद्दल खरं आहे. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडाला तो लागतोच, मग झाड सागाचं असो की आंब्याचं. पैसे मी दहा इंचांचे दिले होते, कामाला आले सात.

तेव्हापासून मी लाकडाचा घनफुटाचा भाव आधी विचारत नाही. किती लाकूड कामाला उरेल ते आधी बघतो, मग भाव. खाली सांगतोय ते सगळं त्याच हिशेबातून आलेलं आहे.

आधी कागदावर

हिशेब सोपा आहे. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ नं भागायचं. आलेला आकडा घनफूट. वखारीत त्याला कुणी सीएफटी म्हणतात, कुणी नुसतं 'फूट'. 'इतके रुपये फूट' ऐकलं की तो लांबीचा फूट की घनफूट, एवढं विचारून घ्या. जाडी सांगताना 'सूत' येईल. आठ सूत म्हणजे एक इंच.

आता एक साधं बाकडं धरा. बसायची फळी ३६ बाय १२ इंच, एक इंच जाड. चार पाय १६ इंच उंच, दोन बाय दोन. खाली दोन लांब पट्ट्या ३० बाय ३, दोन आखूड ८ बाय ३, सगळ्या एक इंच जाड. बेरीज होते जेमतेम ०.५३ घनफूट. पण रंध्याखाली एक इंच मिळवायचा तर सव्वा इंच आणावा लागतो, टोकं कापायची असतात, एखादी गाठ नेमकी खाचेच्या जागी येते. मी तयार मापाच्या दुप्पट लाकूड धरतो. म्हणजे बाकड्याला एक घनफूट. सवय झाली की दीडपट पुरतं, पहिल्या दोन-तीन कामांना नाही.

ही यादी खिशात ठेवून बाहेर पडा, पण यादीतली सगळ्यात लांब गोष्ट किती आहे तेवढं पाठ असू द्या. बाकड्यात ती ३६ इंच आहे. म्हणजे वखारवाल्याला नकोसा असलेला साडेतीन फुटी तुकडा तुमच्यासाठी पूर्ण माल आहे. हौशी माणसाचा खरा फायदा इथं आहे: आपल्याला लांब लाकूड लागतच नाही, आणि आखूड लाकडाला बाजारात कुणी विचारत नाही.

आणखी एक. दुकानात 'हार्डवुड' मागू नका. शास्त्रात रुंद पानांच्या झाडाचं लाकूड ते हार्डवुड, मग ते हातात भुसभुशीत लागलं तरी. सूचिपर्णी झाडाचं ते सॉफ्टवुड. बाजारात मात्र 'हार्डवुड' म्हणजे सागवान सोडून चौकटीला चालणारं कुठलंही स्वस्त लाकूड. झाडाचं नाव घेऊन मागा.

जुन्या घरांचं लाकूड

सोलापुरात स्वस्त आणि उत्तम लाकडाची पहिली जागा म्हणजे पाडकाम. शहरातल्या जुन्या पेठांमधले वाडे उतरतायत आणि तालुक्याच्या गावांत धाब्याची घरं. धाब्याच्या घरात तुळया, त्यावर कड्या म्हणजे आडवे वासे, त्यावर चिपा म्हणजे लाकडाच्या चपट्या ढलप्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. स्लॅब घालायचा ठरला की हे सगळं लाकूड अंगणात येऊन पडतं. चांगलं असेल तर सागवान, नाहीतर बाभूळ किंवा कडुनिंब. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं, त्यामुळे त्याला जे वाकायचं-पिळायचं होतं ते वाकून-पिळून झालेलं. घराघरांतले हातमाग मोडीत निघाले त्यांच्या चौकटीही अशाच कधीतरी जुन्या बाजारात दिसतात. त्यांचे खांब हौशी कामाला अगदी नेमक्या मापाचे असतात.

पाडकाम करणाऱ्याशी बोलणं साधारण असं होतं.

"मिस्त्री, ह्या तुळईचं काय?"

"घ्या की मालक. नगावर घेताय का किलोवर?"

इथं घाई करू नका. समजा तुळई पाच बाय चार इंच, सात फूट लांब. हिशेबानं ०.९७, म्हणजे घनफूटभर. पण दोन्ही टोकं भिंतीत होती. भिंतीतला भाग ओल धरतो, वाळवीही तिथूनच शिरते. दोन्हीकडून सहा-सहा इंच गेले. चारी बाजूंनी पाव-पाव इंच रंध्यात गेला. उरली साडेचार बाय साडेतीन, सहा फूट: ०.६६ घनफूट. म्हणजे खरा भाव सांगितलेल्या भावाच्या दीडपट. ही दीडपट धरूनही ती नव्या सागवानापेक्षा स्वस्त पडत असेल तरच घ्या. बहुतेक वेळा पडते.

तपासायचं कसं? पेचकस टोकांत दाबून बघायचा. सहज रुतला तर तो भाग गेला. मग मधोमध हातोडीनं ठोकायचं. भरीव लाकूड टणटणीत वाजतं, वाळवीनं पोखरलेलं बद्द आवाज देतं. शेवटी चाकूनं एक कोपरा खरवडायचा. धुरानं काळं पडलेलं, चुन्यानं पांढरं झालेलं लाकूड वरून सगळं सारखंच दिसतं, पण खरवडल्यावर सागवानाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित मेणचटपणा लागतो. बाभूळ आत लालसर तपकिरी निघते आणि चाकू नीट चालतच नाही. लाकूड उचलून बघणंही उपयोगाचं: वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ ते २० किलो भरतं, बाभूळ त्याहून जड. किलोवर विकत असतील तर याच आकड्यानं गुणून घनफुटाचा भाव काढा. बाजारात बऱ्याचदा तो सांगितल्यापेक्षा वेगळाच निघतो.

घरी आणल्यावर पहिलं काम खिळे. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून इंच-इंच फिरवा. जिथं ते ओढलं जाईल तिथं खडूची फुली मारा. माझी पहिली तुळई मी नुसत्या नजरेनं तपासली होती. वरचे सगळे खिळे उपटले आणि खूश होऊन गोल करवतीवर घातली. आत डोकं तुटलेला एक जुना चौकोनी खिळा होता. ठिणगी उडाली, पात्याचे चार दात गेले, आणि स्वस्त तुळई पात्याच्या किमतीएवढी महाग झाली. आता खिळ्याभोवतीचा काळा डागही बघतो. सागात, बाभळीत टॅनिन असतं. ते लोखंडाला लागून ओल आली की शाईसारखा काळा डाग पडतो. खिळा दिसत नसला तरी डाग त्याचा पत्ता सांगतो.

जुन्या ऑइलपेंटचं लाकूड असेल तर पॉलिश पेपरनं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि तो भुगा श्वासात जातो. ओलं करून खरवडा, खरवडलेलं गोळा करून टाका, घरात पोरं असतील तर हे काम घराबाहेरच.

बाभूळ, आणि तिची वेडी बहीण

सागवानाचं कौतुक पुरे. आपल्या भागाचं लाकूड बाभूळ. भीमा-सीनेच्या काठानं, शेतांच्या बांधावर सगळीकडे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, कुळव, घाणा हे सगळं बाभळीचं होत आलं, ते उगीच नाही. दणके खायला याच्यासारखं लाकूड नाही. पटाश्यांचे दांडे, सुताराचा ठोकळा, बाकड्याचे पाय यांना मी बाभळीशिवाय काही वापरत नाही.

बाभूळ फळीच्या रूपात क्वचित मिळते, ओंडका घेऊन करवत गिरणीत चिरून घ्यावी लागते. ओंडक्याचं माप वेगळं: मधोमध घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीच्या फुटांनी गुणायचं आणि १४४ नं भागायचं. ४० इंच घेर, पाच फूट लांबी: दहा गुणिले दहा गुणिले पाच, भागिले १४४, म्हणजे ३.४७ घनफूट. ही रीत खऱ्या गोलापेक्षा पाचव्या हिश्शाहून थोडं जास्तच कमी मोजते. ती सूट साल आणि चिराईच्या भुशापोटी धरलेली असते. तरीही बाभळीत निम्मं गेलं असं समजून चला, कारण ती सरळ वाढत नाही. त्या ४० इंची ओंडक्यातून मला कामाच्या फळ्या मिळाल्या पावणेदोन घनफूट.

गिरणीवाल्याला या तीन गोष्टी आधीच सांगा:

१. एक इंच तयार हवा असेल तर सव्वा इंच चिरा.
२. ओंडक्याच्या मधला भेंडाचा भाग फळीत घेऊ नका, त्या फळीला चीर जाणारच.
३. चिराई आजच करा. बाभूळ वाळली की पात्याला भारी जाते, आणि मग गिरणीवालाही कुरकुरतो.

रस्त्याकडेच्या झाडाचा ओंडका असेल तर तो चिरायला नाही म्हणेल. त्याचं बरोबर आहे. शिकवणी वर्गांच्या पाट्या ठोकून ठोकून त्या झाडांत खिळ्यांची खाण झालेली असते.

बाभळीच्या पांढऱ्या भागाला किडा फार लवकर लागतो. खेड्यातले सुतार ओंडके काही महिने विहिरीत नाहीतर ओढ्यात बुडवून ठेवायचे, कारण पाण्यात लाकडातलं पिष्ट निघून जातं आणि किड्याला खायला उरत नाही. फ्लॅटमध्ये विहीर कुठून आणणार? तीन भाग बोरॅक्स, दोन भाग बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून ताज्या चिरलेल्या फळ्यांना दोन-तीन हात मारायचे. लाकूड ओलं असतानाच हे आत उतरतं. पोळपाट, काथवट किंवा खाण्याच्या कुठल्याही वस्तूच्या लाकडाला मात्र हे लावायचं नाही. त्यासाठी पांढरा भाग सरळ कापून टाका.

आता वेडी बाभूळ. १८७७ च्या सुमारास परदेशातून भारतात आणलेलं हे झाड आज आपल्या माळांवर, गायरानांत इतकं माजलंय की लोक त्याचा फक्त कोळसा करतात. पण लाकूड म्हणून ते गुणी आहे: गडद तपकिरी, घट्ट, आणि वाळताना फार कमी आकसणारं. याच्याच अमेरिकेतल्या भावंडाचं फर्निचर तिकडं चांगल्या किमतीला जातं. इथं ते जळाऊ लाकडाच्या वखारीत क्विंटलवर मिळतं. तिथं जाऊन मनगटापेक्षा जाड, त्यातल्या त्यात सरळ तुकडे निवडून घ्या, वखारवाला वेड्यात काढेल तेवढं सोसा. फळी निघणार नाही. दांडे, मुठी, लहान डब्या, खरादावरची (लेथवरची) कामं यांना मात्र त्याला तोड नाही. काटे जपून, घुसला तर जखम चिघळते.

कडुनिंब, चिंच, आंबा

कडुनिंब महोगनीच्या कुळातला आहे, हे कळल्यापासून मी त्याच्याकडे आदरानं बघतो. रंग लालसर, वासामुळे किडा दूर राहतो, कपड्याच्या पेटीला उत्तम. त्याची नस मात्र उलटसुलट असते. रंधा एका दिशेनं गुळगुळीत चालतो आणि चार इंचांवर खपल्या काढतो. पातं धारदार ठेवा, रंध्याचा काप अगदी बारीक घ्या. भुगा कडू आणि नाकाला झोंबणारा, मास्कशिवाय करूच नका.

चिंच म्हणजे खाटकाचा ठोकळा. भाजी कापायच्या पाटाला मी तीच घेतो. आंबा स्वस्त, मऊ, कामाला सोपा, पण किड्याचा लाडका. पहिल्या सरावाला ठीक.

झाड स्वतः तोडायला मात्र जाऊ नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, खैर, जांभूळ, चंदन अशी झाडं आहेत आणि ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. महापालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. वनखात्याचा परवाना असलेल्या गिरणीतून पावती घेऊन माल घ्या. टेम्पो अडवला तर तीच पावती दाखवायची असते.

तुकडे आणि खोकी

चौकटी आणि फर्निचर करणाऱ्या कारखान्यांत फूट-दोन फुटांचे सागवानी तुकडे रोज पडतात. संध्याकाळी ते पोत्यात भरून बंबासाठी जातात. शनिवारी दुपारी जा, मालकाशी नाही तर करवतीवरच्या कारागिराशी ओळख करा, चहा सांगा. तिसऱ्या खेपेला तो तुमच्यासाठी बरे तुकडे बाजूला ठेवायला लागेल. पोळपाट, ट्रे, फोटोच्या चौकटी, देवघराची बैठक यांना याहून स्वस्त लाकूड नाही. दोन-तीन अरुंद पट्ट्या डिंक लावून शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) आवळल्या की रुंद फळी तयार.

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत यंत्रांबरोबर येणारी खोकी आणि पॅलेट भंगारात मिळतात. बहुतेक पाइन, म्हणजे आपल्या कामाचं पक्कं लाकूड नव्हे. तरी एखादं जड आणि नखानं न ओरखडणारं सापडतं. त्यावरचा शिक्का बघा: इंग्रजी 'एचटी' असेल तर ते उष्णतेनं निर्जंतुक केलेलं, घ्यायला हरकत नाही. 'एमबी' असेल तर विषारी वायूची धुरी दिलेलं आहे, तिथंच ठेवा.

वखारीत जायचंच असेल तर

रुंद, लांब, एकसारखी फळी हवी असेल तर वखारीला पर्याय नाही. भाव चंद्रपूर-बल्लारशाकडच्या 'सीपी' सागवानाचा वेगळा, आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून आलेल्या सागवानाचा वेगळा. लहान कामांना बाहेरचं चालतं. फक्त त्यात पांढरा भाग जास्त असतो, म्हणून प्रत्येक फळीची दोन्ही टोकं बघा. रंग एकदम सारखा तपकिरी दिसला तर कापडावर थोडं स्पिरिट घेऊन पुसा. कापडाला रंग आला तर तुम्ही फळी नाही, रंग विकत घेताय. फळी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून कडेनं बघा: बाक असेल तर लहान तुकडे करून चालवता येतो, पीळ असेल तर फळी सोडा. आणि भाव जीएसटी धरून की सोडून, हे मोजणीच्या आधी.

वेळेचंही आहे. उघड्यावर थप्पी लावलेली वखार असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, पाण्याचेच पैसे द्याल. दिवाळीनंतर, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत हवा कोरडी होते, तेव्हा बरं.

घरी आणल्यावर

सोलापूरचं ऊन लाकडाचा शत्रू आहे. 'लवकर वाळेल' म्हणून एप्रिलमध्ये गच्चीवर टाकलेली ओली फळी आठवड्यात टोकापासून वीतभर फाटते. वरचा थर आकसतो, आतला ओलाच असतो, आणि टोकांतून पाणी सगळ्यात वेगानं जातं. म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट जाडसर फासा. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून वीतभर वर थप्पी लावा. दोन फळ्यांमध्ये एक-एक इंची पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, वरपासून खालपर्यंत एका ओळीत. वर चार फरश्यांचं वजन.

इंचभर जाडीला वर्षभर हा जुना अंदाज आहे. आपल्या कोरड्या हवेत थोडं लवकर होतं, पण अंदाजावर राहू नका. थप्पीतली एक फळी काढून तिच्या मधून लहान चकती कापा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. समजा ११८ ग्रॅम. ती ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. शेवटी १०० ग्रॅम भरली तर लाकडात १८ टक्के पाणी होतं, अजून थांबा. घरातल्या फर्निचरला मी दहाच्या आसपास आल्याशिवाय हात लावत नाही. जुन्या तुळईलाही चिरल्यावर दोन-तीन आठवडे घरात ठेवतो, आतली ओल वेगळी असते.

आणि कोरड्या मे महिन्यात केलेल्या कामात फळीला हलायला जागा ठेवा. सागाची एक फूट रुंद फळीसुद्धा पावसाळ्यात सूतभर फुगते, बाभूळ त्याहून जास्त. माझ्या पहिल्या देवघराचं दार मी मेमध्ये चपखल बसवलं होतं. ऑगस्टमध्ये ते उघडेना. श्रावणातल्या सोमवारी देव आत, आणि आई बाहेर ताम्हण घेऊन उभी. शेवटी बिजागरीचे स्क्रू काढले. आता दाराला दोन्ही बाजूंची मिळून सूतभर फट सोडतो, आणि थप्पीतल्या प्रत्येक फळीच्या टोकावर खडूनं झाडाचं नाव आणि चिरल्याचा महिना लिहून ठेवतो.